कोणी न ठोठावता वाजणारी कडी

मी रिसेप्टर बोलतोय. नाव इंग्रजी आहे म्हणून दचकू नका, काम माझं अगदी घरगुती आहे. तुमच्या दाराला कडी असते ना? बाहेरून कोणी वाजवली की आतल्या माणसाला कळतं, कोणीतरी आलंय. बस, तेवढंच माझं काम. तुमच्या शरीरातल्या पुष्कळशा पेशींच्या अंगावर आम्ही हजारोंनी बसलेलो असतो, अर्धे बाहेर आणि अर्धे आत. बाहेरून एक निरोप्या येतो. डॉक्टर लोक त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात, मी आपला निरोप्याच म्हणतो. तो मला येऊन बिलगला की मी आत सांगतो, "वाढ."

निरोप सांगून झाला की पेशी मला आत ओढून मोडून टाकते आणि माझ्या जागी नवा भाऊ येऊन बसतो. आमच्यात 'मी' म्हणजे असा कोणी एकटा नसतोच. एक गेला की दुसरा तीच जागा आणि तीच आठवण घेऊन बसतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कामाचा शीण तो काय? सांगतो, जरा दमानं घ्या. मी फार थकलोय.

माझा जन्म ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावचा. वैनगंगा तिथून कोसभर. भागीरथाच्या पोटात तिचा सोमाजी वाढत होता आणि मी त्याच्या इवल्याशा मेंदूत बसलो होतो. काय ते दिवस! निरोपे एकामागून एक यायचे. मी आत सांगायचो आणि आत कामाचा धडाका लागायचा. पण त्या धांदलीत शिस्त होती बरं का. निरोप्या आला तरच बोलायचं, तो गेला की गप्प बसायचं. सोमाजी पुढे चालला, बोलला, शाळेत पाढे म्हणू लागला, त्यात आमचाही हात होता. हे मी आजही मान वर करून सांगतो. बाकी मान वर करावी असं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

भागीरथा ही त्या गावची दाई. आसपासच्या चार गावांत तिचा हात लागल्याशिवाय मूल जन्माला येत नसे. मूल रडलं की बाकीच्या बाया त्याच्याभोवती गोळा व्हायच्या, हिचं लक्ष मात्र वारेकडे. मुलामागून आईच्या पोटातून येते ती वार. ती परातीत घेऊन, उलटीपालटी करून ही नीट बघायची, सगळी आली का, एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना. राहिला तर बाई हातची जाते, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हळदकुंकू लावून ती वार अंगणात न्हाणीजवळ पुरायची. "अंगातून निघालं ते मातीले द्यावं लागते," ती म्हणायची, "नाईतं अंग भरून येत नाई." सोमाजीची वारही तिनं स्वतःच पाहिली आणि स्वतःच पुरली. अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण दुसऱ्या कोणावर तिचा भरवसा नव्हता.

पुढे सोमाजी मोठा झाला आणि माझं काम कमी झालं. मोठ्या माणसाच्या मेंदूत वाढायचं ते काय असणार? मी निवांत बसून असायचो. सोमाजी एसटीत ड्रायव्हर लागला. ब्रह्मपुरीहून निघायचं, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपूर गाठायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. चोवीस वर्षं तो हा रस्ता चालवत होता. वाघ आडवा आला तरी त्याचा पाय ब्रेकवर हळूच पडायचा, मागे म्हाताऱ्या बसल्यात म्हणून.

त्याची बायको रुखमाबाई गावच्या अंगणवाडीची सेविका. लहान पोरांना काट्यावर बसवून वजन घ्यायचं आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडायचं, हे तिचं काम. हिरव्या पट्ट्यात टिंब पडलं की ती खुश, पिवळ्यात गेलं की त्या पोराच्या आईच्या मागे लागायची, आणि लालमध्ये गेलं की तिला जेवण गोड लागायचं नाही. सोमाजीच्या सुटलेल्या पोटाकडे बघून म्हणायची, "गावच्या पोरायचं वजन वाढता वाढत नाई, आन् माह्या घरी एकाचं थांबता थांबत नाई!" सोमाजी हसायचा आणि पोटावरून हात फिरवायचा. त्यांची एकुलती मुलगी पुनम लग्न होऊन वरोऱ्याला गेलेली. घरात नवराबायको आणि भागीरथा, ही तिघंच.

सोमाजीला बावन्नावं लागलं आणि त्याच्या डोक्यात, डाव्या कानाच्या वरच्या अंगाला, एका पेशीत गडबड झाली.

का झाली ते मला विचारू नका. पुढे गावानं पुष्कळ कारणं शोधली. कोणी म्हणालं तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होता, कोणी म्हणालं इंजिनाची उष्णता डोक्यात चढली, कोणी मोबाईलवर घातलं. माणसांना कारण लागतंच, त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. खर्ऱ्याचे गुन्हे कमी नाहीत, ते लोकांच्या तोंडात जाऊन बघा. पण हा गुन्हा त्याचा नव्हता, आणि सोमाजीचा तर नव्हताच.

झालं एवढंच. आम्हाला घडवायचे साचे पेशीत दोन असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. त्या पेशीनं साच्यावरून साचे काढले. दोनाचे दहा, दहाचे पन्नास. मग काय, आमच्या माणसांचा नुसता पूर आला. पोळ्याच्या दिवशी सोमाजीच्या गाडीत व्हायची तशी दाटी झाली, पाय ठेवायला जागा नाही. आम्हा रिसेप्टरांची रीत अशी की दोघं एकमेकांना भिडले की आत निरोप जातो. एरवी निरोप्याच आम्हाला जवळ आणतो. आता त्या दाटीत उगाच धक्का लागायचा आणि कडी वाजायची. बाहेर बघावं तर कोणी नाही. आत मात्र हाक चाललीय, वाढ, वाढ, वाढ.

पेशी दुणावल्या, त्यांच्या अंगावर आम्हीही दुणावलो. मला थांबता येईना. मला थांबायचं होतं हो, पण आमच्या हातात ते नसतं. तुम्हाला झोप येत असते आणि शेजारी लाऊडस्पीकर चालू असतो, तेव्हा तुमचं काय होतं? माझं तसं वर्षभर झालं, आणि लाऊडस्पीकरही मीच होतो.

सोमाजीला आधी वास येऊ लागला, भात करपल्याचा. गाडी चालवता चालवता भपकन वास यायचा. त्याला वाटायचं इंजिन जळतंय. गाडी बाजूला घ्यायचा, बॉनेट उघडून बघायचा, काही नाही. कंडक्टर निकेश म्हणायचा, "सोमाजीभाऊ, घरून उपाशी निघाले का जी? जेवणाचे वास येऊन राह्यले तुमाले!" सगळी गाडी हसायची आणि सोमाजीही हसायचा.

मग एक दिवस मूलच्या स्टँडवर, गाडी उभी करून चहा पिता पिता, तो खाली कोसळला. हातपाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. देवाची कृपा की तेव्हा स्टिअरिंग हातात नव्हतं. लोक धावले. एकानं नाकाशी चप्पल धरली, दुसऱ्यानं कांदा फोडला, तिसऱ्यानं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. माणसं भली होती. पण चप्पल हुंगून मी गप्प बसणार होतो थोडाच.

चंद्रपूरला फोटो निघाला, नागपूरला ऑपरेशन ठरलं. होळीला आठ दिवस होते. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून डॉक्टरांनी सगळी नाही काढली, बोराएवढा तुकडा तेवढा घेतला. त्या तुकड्यात मी होतो. मला औषधाच्या पाण्यात टाकलं आणि वाजणं एकदम थांबलं. काय सांगू तुम्हाला! इतकं शांत मला किती दिवसांनी वाटलं. मग मला गरम मेणात बुडवलं आणि मेण थिजलं. नखाएवढी वडी, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेली, वर नंबर घातलेला. याला ब्लॉक म्हणतात. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण सोमाजीच्या डोक्यात मागे राहिलेले माझे भाऊ वाजतच होते.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी रुखमाबाईला समोर बसवलं. "बाई, सूक्ष्मदर्शकात गाठ गरीब दिसते, म्हणजे सावकाश वाढणारी. पण यांच्या वयाला अशी गरीब गाठ सहसा होत नाही, म्हणून माझं मन मानत नाही. आत वाढीचे रिसेप्टर असतात, त्यांची फार गर्दी झाली असेल तर गाठ नुसती दिसायला गरीब, असते भयंकर. ते या ब्लॉकवरून कळेल. आमच्याकडे ती तपासणी होत नाही. पंधरा दिवसांनी टाके दाखवायला याल तेव्हा हा घेऊन या, त्या लॅबची चिठ्ठी देतो. तुकडा एवढाच आहे, जिवापाड जपा."

रुखमाबाईनं ब्लॉक हातात घेतला. "म्हंजे साहेब, पोरगं दिसते बारीक, पण तक्त्यावर टिंब कुठी पडते ते पाहाचं हाय," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

घरी आल्यावर तिनं मला पिशवीत घालून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. भागीरथानं पाहिलं. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, पण नजर घारीची. "काय ठेवलं वं त्याच्यात?"

"यायच्या डोक्यातला तुकडा हाय, माय. तपासाले द्याचा हाय."

भागीरथाचा चेहरा असा झाला की रुखमाबाईला बोलल्याचा पस्तावा झाला. माह्या लेकराचं मांस रेशनकार्डासंगं डब्यात? तिच्या मनात एवढंच फिरत होतं.  दोन दिवस म्हातारी धड जेवली नाही. तिच्या सगळ्या जन्माचा नियम होता तो, निघालेलं वर राहिलं तर अंग भरून येत नाही. सोमाजीची जखम ओली होती. तो झोपेत कण्हायचा, आणि ती त्याच्या उशाशी बसून डब्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई अंगणवाडीत गेली. सोमाजी झोपला होता. भागीरथानं डबा उघडला, मला काढलं, पिशवीवर हळदकुंकू लावलं आणि न्हाणीजवळ हातभर खड्डा केला. बावन्न वर्षांपूर्वी वार पुरली होती त्याच जागी. वर माती लोटताना म्हणाली, "माय धरतरी, तुहं तुले देल्लं. माह्या लेकराले आता सोड."

खरं सांगू? मला बरं वाटलं. ओल होती, गारवा होता, वरून न्हाणीचं पाणी झिरपायचं. चंद्रपूरकडचा उन्हाळा टीनाच्या छपराखाली डब्यात काढायचा म्हणजे माझं मेण पातळच झालं असतं. आता कोणी मला उठवू नये, असंच वाटत होतं. पण मला सोमाजीच्या डोक्यातलं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेलं बोलायला मला तोंड नव्हतं.

पंधरा दिवसांनी रुखमाबाईनं डबा उघडला तर ब्लॉक नाही. तिनं सारं घर उपसलं. धानाची ढोली रिकामी केली, गाद्या उसवल्या, उंदरांची बिळं खणली. स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. भागीरथा ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. बोलू का नको, असं तिच्या ओठांवर आलेलं असायचं. पण सोमाजीची जखम भरली होती, फिट थांबली होती, तो पोटभर जेवत होता. तिला वाटलं, मातीनं ऐकलं. आता उकरून काढलं तर माती दिलेलं परत घेईल. ती गप्प राहिली.

फिट गोळ्यांनी थांबली होती. हे तिला कोण सांगणार?

डॉक्टर चिडले. दुसरा तुकडा नव्हता, आणि परत डोकं उघडायचं म्हणजे वाचा जायची भीती. "ठीक आहे. तीन महिन्यांनी फोटो काढू," ते म्हणाले. रुखमाबाई रडत आली खरी, पण तिच्याही मनाच्या एका कोपऱ्याला बरं वाटलं होतं. कागदावर तर गाठ गरीबच लिहिलीय ना.

ते दोन महिने सोमाजीचे फार सुखाचे गेले. ड्युटी बंद होती. सकाळी बायकोबरोबर अंगणवाडीत जायचा, जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरून पुढे बसायचा, आणि मागे पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं. "चला, ब्रह्मपुरी-चंद्रपूर! हात बाहेर काढू नका बे!" तो एकेक गाव ओरडायचा आणि पोरं खाली उतरायची, परत चढायची. रुखमाबाईचा तांदूळ निवडता निवडता हसून जीव जायचा.

वैशाखात एका सकाळी गाडी नागभीडहून सुटली आणि पुढचं गाव त्याच्या तोंडी येईना. चोवीस वर्षं रोज दोनदा पाहिलेलं गाव. तो ताट धरून नुसता बसला, ओठ हलत होते. पोरांना वाटलं आबा खेळ करतायत. खुशबू नावाची एक चिमुरडी मागून ओरडली, "आबा, सिंदेवाही!" सगळी पोरं खिदळली. सोमाजी हसला नाही. रुखमाबाईच्या हातातलं सूप खाली गेलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तो ओट्यावर पडला होता. एकदम उठून म्हणाला, "माय, भात करपून राह्यला वं."

चूल केव्हाच विझली होती. 

रुखमाबाई न्हाणीपाशी भांडी घासत होती, माझ्यापासून दोन हातांवर. रडणं तिच्या आवाजात होतं, हात मात्र चालू होते. सासूला म्हणाली, "आज तो तुकडा राह्यला असता तं समजलं असतं, माय. वरून गरीब दिसते, पण आत काय हाय ते पाहाचं होतं डॉक्टरले. आता तुमीच सांगा. तुमी इतक्या बायायचं बाळंतपण केलं, वार पाह्यल्याबिगर कधी पुरली का?"

तिला काही माहीत नव्हतं. ती आपली बोलून गेली.

 भागीरथा म्हणाली, "पुरली."

"काय?"

"एकच डाव पुरली. पाह्यल्याबिगर. तू जिथी बसली ना, त्याच्या बाजूले."

रुखमाबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती अशी ओरडली की शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या. "दोन महिने! दोन महिने मी घर उकरून राह्यली, सोताले शिव्या देऊन राह्यली, आन् तुमी ओट्यावर बसून पाहत होत्या? तुमचा लेक होय ना तो? मंग काऊन असं केलं? काऊन केलं, सांगा ना!"

"माहा लेक होय म्हनूनच केलं वं बाई," भागीरथा म्हणाली. खुरपी शोधायला ती उठली. तोवर रुखमाबाईनं राखेनं भरलेल्या हातांनीच माती उकरायला सुरुवात केली होती. मी वर आलो. पिशवीला हळद तशीच होती आणि आत मेणाची वडी शाबूत होती.

दुसऱ्या दिवशीच रुखमाबाईनं नागपूरला डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि मला लॅबमध्ये नेलं. तिथल्या माणसानं विचारलं, "पिशवीवर हे पिवळं काय लागलंय?" ती म्हणाली, "हळद हाय. तुमी तुमचं पाहा." त्यांनी माझ्या वडीचे पापुद्रे काढले, मेण वितळवलं, चमकणारा रंग लावला आणि साचे मोजायला बसले. निरोगी पेशीत दोन ठिपके दिसतात. इथे ठिपक्यांचा चुरा सांडला होता, मोजदाद चालेना. मी उभा राहून साक्ष दिली. हो, मीच. गाठ गरीब नाही. वरून तशी दिसली, कारण रक्ताच्या नळ्या बोलावण्याचं काम आम्ही अजून सुरू केलं नव्हतं. अजून चार महिने मिळाले असते तर तेही केलं असतं.

निकाल ऐकायला भागीरथा हट्टानं आली. डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं. ही सगळ्यात वाईट जातीची गाठ. आता लाईट, म्हणजे किरणं द्यायची, तीस वेळा, सोबत गोळ्या. बरी होणार नाही, पण थोपवता येईल. वर्ष, कोणाला दीड, कोणाला त्याहून जास्त.

रुखमाबाईनं विचारलं, "आन् त्या रिसेप्टरले बंद कराची गोळी नाई का?"

"आहेत गोळ्या. दुसऱ्या अवयवात चालतात. मेंदूत अजून जमलेलं नाही." खरं आहे ते. पुष्कळशा गोळ्या मेंदूच्या उंबऱ्यातच अडतात. एखादी पोचलीच आणि माझं तोंड दाबलंच, तर शेजारच्या दुसऱ्या जातीच्या कड्या वाजू लागतात. आमचं घराणं फार मोठं आहे.

मग भागीरथा बोलली. "साहेब, मी दोन महिने पुरून ठेवलं. त्याच्यानं माह्या लेकराचं किती गेलं?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "लवकर आणला असता तर चांगलं झालं असतं, माय. किती चांगलं, ते मी नाही सांगू शकत. कोणीच नाही सांगू शकत." भागीरथानं मान हलवली. आपल्या हातून गेलेल्या एखाद्या बाळंतिणीच्या घरच्यांना तीही पूर्वी असंच सांगत आली होती.

त्याच संध्याकाळी तिनं सोमाजीला सगळं सांगितलं. पदर डोळ्यांना लावला नाही, सरळ सांगितलं, "बापू, मी तुह्यं वाईट केलं." सोमाजी ऐकत होता. शब्द आता त्याला एकेक करून शोधावे लागत होते.

"माय," तो म्हणाला, "ते दोन महिने... मी बरा हाय असंच वाटून राह्यलं होतं मले. पोरायसंगं... गाडी..." पुढे त्याला सापडेना. हातानं त्यानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "तेवढे तं तुह्यामुळं भेटले."

"शिवी दे रे मले," भागीरथा म्हणाली आणि तेव्हा मात्र हंबरडा फोडून रडली. सोमाजीनं शिवी दिली नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून बसला.

मला आता चार महिने झाले बोलायचं थांबून. आज रुखमाबाईनं लॅबमधून मला परत घेतलं. आत्ता मी तिच्या पर्समध्ये आहे, लाईटच्या खोलीबाहेरच्या बाकावर. शेजारी भागीरथा बसलीय. आत सोमाजीच्या तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून त्याला टेबलावर झोपवलंय. आज अठरावी खेप. तो बाहेर येईल तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असतील, आणि म्हातारी रोजच्यासारखी ते बोटांनी चोळत बसेल.

मधे एक भिंत आहे फक्त. भिंतीपलीकडे, त्या डोक्यात, माझे उरलेले भाऊ आहेत.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापाशी माझं मागणं एवढंच, तुमच्या घरात कोणाच्या अंगातून काढलेला असा तुकडा आला तर आधी त्याला बोलू द्या. मग माती आहेच. पण माझं खरं मागणं तुमच्याकडे नाही, त्या भिंतीपलीकडच्यांकडे आहे. भावांनो, ऐका. दारात कोणी आलेलं नाही. कोणी वाढायला सांगितलेलं नाही. हा आपला सोमाजी आहे, याला बोलायला आपणच शिकवलं, आणि आता आपणच त्याचा एकेक शब्द खातोय. त्याची आई बाहेर बसलीय रे. मी थकलो, तसे तुम्हीही थका आता. थका आणि गप्प बसा.